पोटखराबा वगळून

देवपुरातली आमची परसबाग
भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट बाय अकरा.
मीच मोजलीये, टेप ताणून, दोनदा.
एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
लोकांच्या बांधांवरून चालत चपला झिजवल्या,
आणि स्वतःच्या वाट्याला
एक तगर, दोन कण्हेरी, मोगऱ्याची कुंडी,
आणि कढीपत्ता, जो कुणीच लावला नव्हता.

कोकिळा म्हणाली, बाग वाढवा ना थोडी.
म्हटलं, कुठून? पलीकडं निंबाभाऊंची मोरी आहे.
ती म्हणाली, मग आरसा लावा.

आग्रा रोडच्या मागं तय्यबअलींचं दुकान.
गोल आरसे, पितळी काठाचे.
चहूबाजूंनी सोनेरी किरण फुटलेले,
लग्नाच्या हॉलला शोभतील असे.
एक लांबट, त्याच्या कडेला
कुणाची तरी जुनी टिकली अजून चिकटलेली.
मी एकेकात बघत गेलो
आणि एकेकात तोच चश्मा, तेच दाढीचे पांढरे खुंट.
गल्ल्यावरून तय्यबअली म्हणाले,
साहेब, बागेचा आरसा तोंड बघून घेऊ नका.
जरा बाजूला सरका.
तुम्ही गेल्यावर काय उरतं, ते बघा.

सरकलो.
उरलं होतं रस्त्यापलीकडचं अर्धं लिंबाचं झाड
आणि त्याच्या सावलीत उसाच्या रसाची गाडी.
तो घेतला. कमानीचा, सागाच्या चौकटीचा,
खालच्या अंगाला पारा उडालेला. आठशे रुपये.
रिक्षात मांडीवर उभा धरून आणला,
अख्खं धुळं त्यातून उलटं जात होतं.
पांझरेचा पूल मी त्या दिवशी
एका खेपेत दोनदा ओलांडला.

आधी पश्चिमेकडं तोंड करून टांगला.
चार वाजता कमानीच्या आकाराचं ऊन
थेट निंबाभाऊंच्या गच्चीवर, त्यांच्या आईच्या डोळ्यांत.
बिबड्या उलटता उलटता म्हातारी ओरडली,
एक सूर्य कमी पडस का रे भो,
दुसरा कसाले टांगा?

मग तगरीसमोर.
तर उजाडल्यापासून एक बुलबुल
आतल्या बुलबुलाशी भांडत बसला, काचेवर चोच आपटत.
हद्दीचा वाद. असे पुष्कळ पाहिलेत मी,
दोन्ही बाजूंचा नकाशा एकच,
आणि दुसरा पक्ष जागेवर हजरच नाही.
तीन दिवस कोकिळेचा जुना परकर
टाकून ठेवला आरशावर.

शेवटी उत्तरेच्या भिंतीला, कढीपत्त्याच्या आड,
वरची कड चार बोटं पुढं झुकवून.
खिळा ठोकताना प्लास्टर निघालं ते निघालंच.
आता आभाळ दिसत नाही, ऊन सापडत नाही,
बुलबुल येतो, कुंडीखालच्या बशीतलं पाणी पितो, जातो.

आखाजीला हेमांगी आली माहेरी.
केस सारखे करायला गेली, तर आत ती नाहीच.
बाबा, हा कसला हो आरसा?
नुसता पाला, पाल्यामागं पाला,
आणि खाली हा काळा डाग?
म्हटलं, तो पोटखराबा.
लागवडीला नालायक. त्याची आकारणी नसते.

ती हसली नाही. मोजणीचे विनोद
आमच्या घरात कुणालाच कळत नाहीत.

मे उजाडला. तगर करपली.
तिकडचीही करपली, त्याच दिवशी, तेवढीच.
नळ आठवड्यातून एकदा.
भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून
मी इकडच्या मुळाशी ओततो
आणि तिकडची माती काळी पडेपर्यंत
उगाच उभा राहतो.

एकदा टेप काढला. काचेला टोक लावलं.
मग गुंडाळून खिशात टाकला,
कोणत्या उताऱ्यावर चढवणार होतो?

संध्याकाळी झळा उतरल्या की
कोकिळा प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते.
पलीकडच्या बागेत
तिच्या साडीचा फक्त काठ दिसतो, जांभळा,
आणि वाऱ्यानं हलतो.
कुणीतरी राहायला आलंय तिथं, असं वाटतं.
मी सगळ्यांत आधी
आपल्याकडचा दिवा लावत नाही.